अर्धा सेकंद

इर्मा ओयार्सून पोर्वेनिरहून बोटीनं आली,
सामुद्रधुनी ओलांडून. पर्समध्ये पेनड्राइव्ह,
हरवू नये म्हणून त्याला लोकरीचा लाल दोरा.
पुन्ता अरेनासमध्ये अजून डीव्हीडी करून देणारं
माझंच दुकान उरलंय, तेही अर्धं.
पुढच्या अर्ध्यात भाऊ चाव्या बनवतो.

म्हणाली, भाच्यानं घरी करून पाहिली.
सुरुवातीला ठीक असतं सगळं,
मग बाबांचे ओठ मिटतात
आणि नंतर बाबा बोलतात.
केक कापून सुरी खाली ठेवतात,
मग ती वाजते ताटलीवर.

आईला अर्धंच ऐकू येतं हो,
उरलेलं ती ओठांवरून वाचते.
कान एक सांगायला लागले आणि डोळे दुसरं,
की टीव्हीकडे पाठ करून बसते.

मी आधी शेवट बघते. नेहमीच.
सुरुवात काय, कुणाचीही जुळते.
बावन्न मिनिटांची फाइल. शेवटी फाटक आपटतं,
मी बोटं मोजते, आवाज येतो:
तीन सेकंद आणि वर थोडं.
वरातीमागून घोडं.

सरसकट उशीर असता तर सोपं होतं,
सगळा आवाज धरून अलीकडे ओढायचा, झालं.
हा चढत गेलेला, व्याजासारखा,
मिनिटामागे सेकंदाचे सहा शतांश.
म्हणजे भाच्याच्या त्या फुकटच्या प्रोग्रामनं
सेकंदाला तीस चित्रं धरली.
होती एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णव.
हजारात एकाची उधारी,
कुणाच्या लक्षात येणार?

चित्र वेगळं काढलं, आवाज वेगळा.
आवाज हजारात एकानं आवळला,
इतका थोडा, की म्हाताऱ्याचा घोगरेपणा जागच्या जागी.
फाटक आपटलं तेव्हाच वाजलं.
सुरी. केक. ओठ.

तरी एकतिसाव्या मिनिटाला कुऱ्हाड चुकत होती.

कुंपणापलीकडे, नखाएवढा,
वाऱ्यात तिरका उभा राहून लाकडं फोडणारा माणूस.
कुऱ्हाड खाली येते. ओंडक्याचे दोन होतात.
मग ठक्.
अर्धा सेकंद.
ओढला तेवढाच तुकडा अलीकडे. बसला समेवर.
पण त्याच चित्रात, कॅमेऱ्याला खेटून,
पायरीवर माते ओतणारी बाई
किटली बाकावर ठेवते,
आणि ती आता ठेवण्याआधीच वाजली.

परत सोडला. परत ओढला.
भाऊ शटर अर्धं पाडून निघून गेला,
जाताना म्हणाला, एका कुऱ्हाडीसाठी?

मग कधीतरी, रात्री दहाच्या सुमारास,
स्वतःलाच हसू आलं.
चूक नव्हतीच ती. माणूस लांब होता.
आवाजाला तेवढं चालत यावं लागलं होतं,
गवतावरून, पावणेदोनशे मीटर.
ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी इर्मा उभ्यानंच बघत होती,
कोटाची बटणं न काढता.
कुऱ्हाडीशी आल्यावर म्हणाली, इथं राहिलंय थोडं.
म्हटलं, नाही, राहिलेलं नाही.
इथं तुमचे बाबा तेवढे लांब आहेत.

काही बोलली नाही. मागे घ्यायला लावलं.
पुन्हा. आणखी एकदा.
कुऱ्हाड पडली की श्वास धरायची,
ठक् आलं की सोडायची.

मग पैसे विचारले, दोन जास्तीच्या प्रती सांगितल्या.
वाऱ्यामुळे बोट संध्याकाळपर्यंत बंद होती,
भावानं तिला आपलं स्टूल दिलं
आणि तिच्या शेजारी उभा राहून कुणाच्या तरी
घराची चावी घासत राहिला.

डिस्कवर काय लिहू, मी मार्कर उघडून विचारलं.
तारीख? बाबांचं नाव?
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.
नाव नको, म्हणाली.
'लाकडं' लिहा. आईला कळेल.