दोर

आमच्या गावात वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकाचौकात दोर बांधतात.
पुंता अरेनासमध्ये याचं कुणाला नवल नाही.
कचेरीतला किडकिडीत कारकून,
पावाची पिशवी छातीशी धरलेली म्हातारी,
सगळी दोराला धरूनच रस्ता ओलांडतात.

मी कधी धरला नाही.
शाळेच्या फाटकावर एकोणीस वर्षं
मुलंच मला धरून पलीकडे गेली,
दोघं कोटाच्या खिशांना, एक पट्ट्याला,
आणि धाकटा इवान नुसताच माझ्या आडोशाला.
गावात म्हणायचे, वाऱ्याला दोनच गोष्टी हलत नाहीत:
धक्क्यावरचा लोखंडी खुंट आणि नेवेंका बारिया.
मी हसायचे.
हसण्यावारी नेणं मला फार चांगलं जमायचं.

डॉक्टर ओयार्सुनने कागदावर पोट काढलं,
मधून एक रेघ ओढली.
इथून कापायचं, म्हणाला, उरेल ती बाही.
बाही?
जिच्या दंडाला जन्मात दुकानातली बाही चढली नाही
तिच्या पोटाचीच बाही?
तो हसला नाही.
मीही नाही.

आदल्या रात्री बहिणीसाठी चिठ्ठी लिहिली:
गॅसची पावती पिठाच्या डब्यामागे,
कुत्र्याला कांदा देऊ नये,
निळा कोट कुणालाच होणार नाही, तो फाडून पायपुसणी कर.
भीतीचं लिहिलं नाही.
ती पोटातच ठेवली.
म्हटलं, उद्या कापतील त्या तुकड्याबरोबर जाईल.

उलटे आकडे मोजा, नर्स म्हणाली.
मी मुलं मोजली.
सातव्यापाशी रस्ता संपला.

मग चमचे.
एक चमचा पाणी, थांब, एक चमचा पेज.
रात्री तीनला थर्मामीटर काखेत धरून
मी टाक्यांचं ऐकत बसायचे,
कुठे पाझरतंय का, कुठे उसवतंय का.
आणि भूक नाही.
चाळीस वर्षं वरच्या मजल्यावर दणादण चालणारी भाडेकरीण
एका सकाळी न सांगता गेली.
त्या शांततेत मला झोप लागेना.
जिन्यात जरा वाजलं की वाटायचं, आली परत,
आणि नाही आली तर तेही वाटायचं.

पोटात गोळा मात्र येतच राहिला.
केळ्याएवढं पोट, त्यात तो मावतो कसा
हे डॉक्टरला विचारायचं राहून गेलं.

हेर्नानने तीनदा नोकरी सोडली, मी पोटात घातलं.
सासूने लग्नाच्या फोटोतून मला अर्धी दुमडून टाकली,
तेही घातलं.
परवा मंगळवारी तो म्हणाला,
तू पूर्वी अशी चिडकी नव्हतीस.
मी म्हटलं, पूर्वी जागा होती.
त्याचं सूप गार झालं.
बऱ्याच वेळाने तो उठला,
आणि भांडी घासायला लागला, चुकीच्या साबणाने.

ऑक्टोबरात वारा सुटला.
मी चौकात उभी, सत्तेचाळीस किलो उणी,
निळा कोट शिडासारखा फुगलेला
(बहिणीने फाडला नव्हता).
इवानने सवयीने खिसा धरला.
तो आता चौथीत आहे, त्याला अडोसा पुरत नाही.
आम्ही दोघंही एक पाऊल सरकलो.
एकच, पण सरकलो.
त्याने वर पाहिलं.
मला वाटलं आता हा ओरडणार.
तो म्हणाला, तुम्हालाही लागतो?

दोर ओला होता,
वाटला होता त्याहून जाड,
आणि ज्या जागी माझा हात पडला तिथे
आधीच कुणाकुणाच्या हातांनी गुळगुळीत झालेला.
मी तसंच धरून उभी राहिले.
भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती.
मागून पाववाली म्हातारी म्हणाली,
चला हो बाई, हिरवा लागलाय.