बिलाखाली दोन ओळी

त्या शहराचं नाव मला स्पेलिंगसकट पाठ आहे,
अकरा वर्षं ते खोक्यांवर छापून घेतेय.
तिथे ट्राम आहे हे मात्र
मंगळवारी रात्री कळलं,
तिचे दोन डबे टीव्हीवर उघडे पडलेले पाहिले तेव्हा.

बुधवारी अक्कलकोट रोडला कारखाना नेहमीसारखाच.
अंबादास कोंडा मागाशेजारून म्हणाला,
मॅडम, आपलं गिऱ्हाईक तिकडचंच ना?
मग तेलुगूत काहीतरी पुटपुटला
आणि तुटलेला धागा जोडायला वाकला.

पेपरात एकवीस देशांनी निषेध केला होता.
सगळ्यांचे शब्द एकाच थानातून फाडलेले:
भ्याड, तीव्र, ठामपणे पाठीशी.
कुठल्याशा राजधानीत मनोऱ्यावर झेंड्याचे रंग टाकले,
पहाटे वेळेवर बंद केले.
आमच्याकडेही निघाल्या मेणबत्त्या
चार हुतात्मा पुतळ्यापाशी. वारा फार होता.
फ्लेक्सवर नगरसेवक मोठा, हात जोडून,
आणि ट्रामच्या जागी घाईत आगगाडी छापलेली.
तरी सातवीतली एक मुलगी खरंच रडत होती.
का, ते तिलाही सांगता येईना.

गुरुवारी सिटी बसमध्ये, कन्ना चौकाच्या अलीकडे,
सीटखाली पिशवी सापडली.
कुणाची? कुणाची?
कंडक्टरने बेल मारली नाही, नुसता ओरडला.
पोरं खिडक्यांतून उतरली,
एकीची चप्पल पायरीवरच राहिली.
मणियार चाचा तेवढे बसून राहिले, शेवटच्या बाकावर.
उतरले असते तर पळाले म्हणाले असते,
बसले तर का बसलेत म्हणून लोक बघत होते.
माझ्या लग्नाचा चुडा त्यांच्याच हातचा.
मीही बघितलं.
हे लिहून ठेवते, दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून.

मागून रिक्षाने व्यंकम्मा आली, धापा टाकत,
आकुलू, माझी आकुलू!
ओल्या फडक्यात विड्यांची पानं,
वर कात्री, आणि डब्यात अर्धी कडक भाकरी.
सगळे हसले, जरा जास्तच.
चाचा हसले नाहीत.
सुट्टे पैसे मोजत राहिले, तिकीट कधीच काढून झालं होतं.

शुक्रवारी मालक म्हणाले,
सांत्वनाच्या दोन ओळी टाक, बिलाखालीच,
आणि विचार चार हजार पांढऱ्या टॉवेलचं काय झालं,
माल सुटला की बंदरातच आहे.
मी एकवीस देशांचे शब्द लावून पाहिले.
मापात एकही बसेना.
शेवटी लिहिलं: आमच्या गावात बस आहे.
रोज मी तिनेच येते.
तुमच्यापैकी कुणी त्या गाडीत होतं का?

सतरा दिवसांनी उत्तर आलं.
माल मिळाला. अर्धा इस्पितळाला दिला, पैसे पूर्ण देऊ.
हिशेबातली इल्झे होती त्या गाडीत.
डाव्या हाताने लिहायला शिकतेय.
खाली तिची सही,
पहिलीतल्या पोराने पाटीवर काढावी तशी, ओळ सोडून वर गेलेली.
अकरा वर्षं मी तिची ती तिरकी, पटकन केलेली सही
न बघताच फायलीला लावत होते.
ही कुठे लावू?
येणं की देणं?

शनिवारी चाचा पुन्हा बसमध्ये दिसले.
शेजारची जागा रिकामी होती, बसले.
त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली,
मी न सांगता, तोंड उघडून, आतलं दिसेल अशी.
बांगड्याच होत्या.
कन्ना चौक आला, गेला.
मला दोन ओळी सुचल्या नाहीत.