पूर्वीपासूनचा आजार

हर्णै बंदराच्या चढावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्टचे फोटो, डिझेल सबसिडीचे अर्ज.
रशीदाखाला आली तेव्हा मी कुणाच्या तरी आधारावरची
जन्मतारीख सरळ करत होतो,
एक जानेवारी, इथे निम्म्या बंदराची असते तशी.

तिनं पिशवीतून काढला पासपोर्ट,
मस्कतचा व्हिसा, सहा महिन्यांचा, लेकीनं पाठवलेला,
आणि त्याखाली फडक्यात बांधलेली गोळ्यांची पाकिटं.
"शगुफ्ताचे दिवस भरत आले.
म्हणते, विम्याशिवाय विमानात बसू नको.
स्वस्तातला बघ."

स्वस्तातला होता.
स्क्रीनवर तीन पॉलिस्या शेजारी शेजारी,
टोपलीतल्या पापलेटांसारख्या,
तिघींचे डोळे सारखेच चकचकीत.
कल्ला उचलून बघावा लागतो.

मी ते उशिरा शिकलो.
आमच्या बोटीचा विमा होता.
वादळ त्यात होतं.
वादळात नांगरून ठेवलेली बोट त्यात नव्हती,
अकराव्या पानावर, कणीएवढ्या अक्षरांत.
ते पान बाबांनी देव्हाऱ्यामागे जपून ठेवलंय.
का, ते मी विचारत नाही.

पूर्वीपासूनचा काही आजार?
"नाय लिव."
साखर?
"ती काय आजार हाय? ती आमच्यात सगळ्यांनाच."
आणि फडक्याचं टोक तिनं हळूच
पाकिटांवर ओढून घेतलं.

मी म्हटलं, नाही लिहिलं तर आज पैसे वाचतील.
पण तिकडे चक्कर आली, तर आधी रक्त बघतील,
मग विचारतील, कधीपासून.

कधीपासून.
ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली.
शगुफ्ताच्या वेळी नव्हती. धाकट्याच्या वेळी नव्हती.
सिराज गेले त्या रमजानात
रोजा सोडताना हातातला खजूर थरथरला होता,
तो अशक्तपणा समजून सोडून दिला.
"चौदा वर्षं," म्हणाली. "लिव, हाय म्हणून."

'होय'वर टिचकी मारली
तसा खाली एक खण उघडला, त्याच्या पोटात आणखी तीन.
हप्ता साडेचार हजारांनी चढला.
तिनं कानातल्याला हात लावला, काढला.

खाली खाली जात होतो:
रुग्णवाहिका, दात (दुखला तरच), हरवलेलं सामान,
आणि एक ओळ, जी मी गिऱ्हाइकांसमोर
नेहमी पटकन वर सरकवतो.
"थांब. काय लिवलंय?"
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च.

बाहेर कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं.
"आमच्यांना कुवेतातच ठेवलं," ती म्हणाली.
"इकडं ट्रंक आली. आत माझ्यासाठी घेतलेलं कापड,
किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली."
मग म्हणाली,
"ह्ये काढ. माती काय, तिकडं पण हाय.
त्या पैशात डोळ्यांचं बसतं का बघ."
खाला, काढता नाही येत. सगळं एकत्रच असतं.
"मग राहू दे. पण वापरायचा नाय हां,"
असं मला बजावलं,
जसा काही मीच तिकडे असणार होतो.

ओटीपी आला नाही. दुकानात रेंज नसतेच.
ती फोन उंच धरून उतार उतरली, धक्क्याच्या भिंतीपाशी,
जिथे संध्याकाळचा लिलाव ऐन रंगात.
"सात!" ती तिथून ओरडली, "चार! दोन!"
"सातशे वीस, सातशे चाळीस," लिलाववाला,
आणि मी सुरमईचा भाव टाकून बसलो.
चुकीचा क्रमांक. पुन्हा पाठवा.

दुसऱ्या वेळी लिलाववाल्यानंच तिच्या हातातला फोन घेतला
आणि त्याच चालीत, त्याच बेंबीच्या देठापासून
आकडे माझ्यापर्यंत फेकले,
नऊ, शून्य, शून्य, तीन, आठ, एक!
"एक हजार," टोपल्यांमागून कुणीतरी बोली चढवली.

बावीस पानं छापली.
खाला म्हणाली, पहिल्याला प्लास्टिक लाव,
समुद्राची हवा कागद खाते.
अकरावं मी उभ्या उभ्या वाचून काढलं.
त्यावर फक्त फोन नंबर होते,
देशोदेशीचे.