उंचीची पाटी

एमरिस आता सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ढकलतो.
पंधरा-वीस एकात एक अडकवून
उतारावरून आणतो,
दाराशी पाठ लावून थोपवतो
हिसका बसू न देता,
जशी आमची लाकडी गाडी थांबवायचा
वेल्श किनाऱ्यावरच्या त्या वाऱ्यात.

पाटीवर रंगवलेल्या पेंग्विनच्या चोचीपेक्षा
मी दोन बोटं कमी.
बुटांत वर्तमानपत्र कोंबून गेले.
त्यानं पायांकडे पाहिलं, म्हणाला,
"पुढच्या उन्हाळ्यात ये, नेरिस.
गाडी कुठं पळून जातेय?"

पुढच्या उन्हाळ्यात फाटकाला फळ्या,
चढणीच्या माथ्यावर
समुद्रपक्ष्यांची घरटी.

आज दाराशी त्यानं मला ओळखलं नाही.
एक ट्रॉली सोडवून दिली फक्त.
मी मात्र, का कोण जाणे,
टाचा उंचावून उभी होते.