आठशे मीटर, पश्चिमेचा वारा

फेब्रुवारी. पुंता अरेनासला याला उन्हाळा म्हणतात.
सामुद्रधुनीकडच्या चौकात खांबांना दोर बांधलेत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.

मारिसेल दोर धरत नाही.

मार्चात शाळा उघडेल, एप्रिलमध्ये शर्यत.
प्रोफे बार्रियांनी कागद दिलाय चार आठवड्यांचा:
सोमवारी चढ, मंगळवारी चारशेच्या सहा फेऱ्या,
बुधवारपुढे नुसतं "झोप", आणि खाली दोन रेघा.
मी तो फ्रिजला लावलाय माशाच्या आकाराच्या चुंबकाने,
जो कारखान्याने नाताळात बोनसऐवजी दिला.

मला पळण्यातलं काही कळत नाही.
मला सामनमधले काटे उपसता येतात,
चिमट्याने, मिनिटाला चाळीस.
तरी शिकले.
भाजलेल्या पिठाचं दूध तासभर आधी, पाव नंतर.
मावसबहिणीचे खिळ्यांचे बूट एक नंबर मोठे,
तर चवड्यात मेंढीची लोकर कोंबायची.
शाळेच्या फॉर्मवर पाळीचा प्रश्न असतो,
तो तिचा तिला भरू द्यायचा,
आपण तेवढा वेळ घासलेलीच भांडी घासायची.

आणि घड्याळ.

रात्री साडेआठलाही उजेड असतो.
मैदानावरचं गवत सगळं एका कुशीवर निजलेलं.
मी रेषेवर, बर्फाने फाटलेला अंगठा बटणावर.
जाताना वारा तिला पाठुंगळीला घेतो,
वळण संपलं की तोच
छातीवर हात ठेवून विचारतो, कुठे निघालीस?
पोर वाऱ्यावर सोडली, असं म्हणतात
ज्यांना कोणी नाही त्यांच्याबद्दल.
मी रोज सोडते.
दोन फेऱ्यांनी परत येते.

तिसऱ्या आठवड्यात ती अडकली.
दोन एकतीस. दोन एकतीस. दोन बत्तीस.
जेवताना बोलेना.
बाप म्हणाला, बोटीवर चल, दंड तरी भरतील.
तिने ताट सरकवलं.

गुरुवारी मी म्हटलं, "दोन एकोणतीस!"
आणि घड्याळ शून्यावर आणून खिशात टाकलं.
ती गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली.
मला वाटलं, हसेल.

"आई, मी मोजत पळते."
"काय मोजतेस?"
"सेकंद. तू सांगतेस त्याच्या आधी मला माहीत असतं."

मग बराच वेळ वाराच बोलला.
पलीकडे कोणाची तरी बादली गडगडत गेली,
आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं, ती कुंपणाला अडेपर्यंत.

"दोन तेहतीस," मी म्हटलं.
"वहीत लिही."
पेन थंडीने चालेना. पेन्सिल सापडली, तिला टोक नव्हतं.
दाताने लाकूड सोलून लिहिलं: दोन तेहतीस.
आकडे इतके वाकडे की जणू तेही वाऱ्यात उभे.

तिने माझा अंगठा धरला, उलटसुलट पाहिला.
घोट्याच्या पट्टीतून वीतभर फाडली
आणि गुंडाळली, घट्ट, खालून वर,
प्रोफेंनी शिकवली तशी.

"दुखतं म्हणून तू बटण उशिरा दाबतेस," ती म्हणाली.
"बत्तीसच असतील."

आणि परत रेषेकडे गेली,
एका बुटातून लोकर बाहेर लोंबत होती,
मी हाक मारली,
तिच्यापर्यंत पोचली नाही.