जिथं झाड होतं तिथून

मानाग्वात आमच्या वस्तीतल्या रस्त्यांना नावं नाहीत.
पत्ता सांगतात तो असा:
जिथं छोटं झाड होतं तिथून
दोन गल्ल्या तळ्याकडे, मग एक वर.
तळं म्हणजे उत्तर.
वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू,
खाली म्हणजे मावळतो ती.
आणि झाड नाही.
भूकंपाआधी होतं म्हणतात.
मी तेव्हा आईच्या पोटात होते,
तिथंही उलटीच.
सुईण मरेपर्यंत सांगायची,
या पोरीला दारच सापडेना.

डावं-उजवं मला अजून उमगत नाही.
आई म्हणायची, ज्या हातानं क्रूस करतेस तो उजवा.
म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर
टोपली टेकवते, क्रूस करते:
कपाळ, छाती, खांदा, खांदा,
मग वळते.
तरी चुकते.
वस्तीत मात्र भाविक म्हणून माझं नाव झालंय.
फादर एलिसेओ परवा म्हणाले,
ओतिलिया, तुझ्यासारख्या आणखी तिघी हव्या होत्या.
मी म्हटलं, फादर,
चौघी मिळून चर्च शोधत बसलो असतो.

सकाळी निभतं.
सूर्य दिसतो ती बाजू वर, एवढं कळतं.
बारा वाजले की तो ऐन डोक्यावर येऊन बसतो.
आता वर म्हणजे कुठं?
टोपलीत नाकातामाल, केळीच्या पानात बांधलेले,
त्यांची वाफसुद्धा सरळ आभाळात जाते,
एका बाजूला म्हणून झुकत नाही.

एवेनोर होता तेव्हा बरं होतं.
नसलेलं थिएटर, नसलेला सोड्याचा कारखाना,
नसलेल्या न्हाव्याची नसलेली खुर्ची,
सगळं त्याच्या पायांना पाठ होतं.
मी त्याच्या शर्टाची कड धरायचे
आणि नसलेल्या शहरातून
असलेल्या घरी पोचायचे.

त्याला पुरून परतताना चुकले.
काळे कपडे, ऊन, तीन बसगाड्या.
पोचले तेव्हा शेजारच्या मेर्सेदितानं
कॉफी चौथ्यांदा गरम केली होती.
सगळ्यांना वाटलं, एकटी कुठंतरी रडत बसली असेल.
कुठली रडतेय! रस्ता विचारत होते.
रडले नंतर, आठवड्यानं,
त्याचा तो शर्ट धुताना.
कड अजून चुरगळलेली होती.

कधी वाटतं, चकवा या शहरालाच लागलाय.
लोक म्हणतात, होतं तिथून वळा,
पडलं तिथून सरळ,
जळलं त्याच्या समोर.
माझ्यात नि त्यांच्यात फरक इतकाच,
ते वेळेवर पोचतात.

काल दुपारी एक पोरगा सायकलवरून उतरला.
हातात औषधांची पिशवी, कपाळावर घाम.
मावशी, तमालवाली रोज थांबते ना,
क्रूस करत, टायरच्या दुकानापाशी,
तिथून अर्धी गल्ली खाली जायचंय.
तो कोपरा कुठं आला?

मी टोपली टेकवली.
इकडं भिंत, तिकडं भिंत,
टायरचं दुकान कुठंच नाही.
म्हटलं, बाळा, काय सांगू,
मीही तिथंच निघालेय.

मग तो पुढं, मी मागं,
सायकलच्या कॅरियरला धरून.
पिशवीतल्या बाटल्या किणकिणत होत्या.
बरंच चाललो.