पुढारी, माघारी

सात वाजून अठरा मिनिटं.
टपाल कचेरीच्या वळणावर मी उभा,
गळ्यात शिट्टी. ती मी कधी वाजवत नाही.
अडतीस वर्षं या गावात बर्फ लोटण्याचं यंत्र चालवलं,
आता पोरांना रस्ता ओलांडून देतो, एवढंच.

तोकामाचीत बर्फ पडत नाही, रचतात कुणीतरी रात्रभर.
सकाळी दोन्ही बाजूंना माझ्याहून उंच भिंती,
मधे गंजाच्या रंगाचा ओला रस्ता,
जमिनीतलं कोमट पाणी नळ्यांतून उडत असतं त्यावर,
आणि त्या फटीतून पिवळ्या टोप्या येतात,
एकामागे एक,
पुडी फाटून मोहरी सांडत यावी तशा.

सातव्या गटाची पुढारी चिनात्सु, सहावीतली.
पुढे चालते ती पुढारी, हातात पिवळा झेंडा,
असा शाळेचा नियम.
एप्रिलमध्ये ती अशी चालायची
की जणू शाळा कुणी उचलून नेणार आहे.
एकदा माझ्यापाशी पोचली नि ताठ उभी राहिली,
"सातवा गट, हजर!"
मी टोप्या मोजल्या. मोठ्याने मोजल्या.
चार.
गटात आठ.
ती कानापर्यंत लाल झाली,
आणि आल्या वाटेने पळत सुटली.

मागे राहायचा तो रेन्जी.
पहिलीतला. पाठीवरच्या दप्तराखाली
दोन पाय तेवढे दिसायचे.
त्याला पन्हाळीला लोंबणारा बर्फ बघायचा असायचा,
टोफूवाल्याच्या खिडकीतली वाफ,
पाण्याच्या नळीवर बूट ठेवला
की धार कुठे जाते ते.
पाचवीतल्या दाइगोने त्याचं नाव ठेवलं होतं गोगलगाय.
नाव चिकटलं. सगळेच म्हणू लागले.
डिसेंबरात रेन्जीने बघणं सोडलं,
मान खाली घालून चालू लागला.
तरी मागेच.

चिनात्सुने दाइगोला रागावलेलं मी ऐकलं नाही.
बाईंकडे गेली असेल, तर मला माहीत नाही.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी, भुरभुर चालू असताना,
तिने झेंडा दाइगोच्या हातात दिला.
दांड्याला निळी चिकटपट्टी, तिनेच गुंडाळलेली.
"आजपासून पुढे तू.
फक्त मागची पावलं ऐकू यायला हवीत. शेवटची सुद्धा."
आणि स्वतः चालत चालत
रांगेच्या टोकाला गेली, रेन्जीच्याही मागे.

दाइगोची छाती दोन बोटं फुगली.
दहा पावलं तो ऐटीत गेला.
मग थांबला. मान तिरकी केली.
बर्फात पावलं ऐकू येत नाहीत हो!
त्याला वळून बघावं लागलं.
पुन्हा दहा पावलं. पुन्हा वळून.
वळणापर्यंत येईतो
त्याने रेन्जीला निदान नऊ वेळा बघितलं असेल,
एवढं वर्षभरात बघितलं नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी सरांनी विचारलंच,
"पुढारी आज माघारी कशी?"
ती म्हणाली, "इथून बूट दिसतात सगळ्यांचे.
मियोचा डावा फाटलाय."
सर काही बोलले नाहीत.
मियोच्या बुटाकडे मात्र बघितलं.

गोगलगाय हा शब्द कधी गळून पडला, कोण जाणे.
ठरवून कुणी सोडला नाही तो.
एके दिवशी दाइगोच ओरडला, "रेन्जी, चल की!"
आणि मला उगाच
हातमोजा काढून नाक पुसावं लागलं.

मार्चमध्ये चिनात्सु पास होऊन गेली.
आता पांढरं शिरस्त्राण घालून
सायकलवरून पलीकडच्या रस्त्याने जाते.

एप्रिलचा पहिला दिवस.
कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग,
नवी पहिलीतली पोरगी, टोपी नाकावर आलेली,
आणि पुढारी दाइगो
धावत निघालेला, अगदी तसाच,
जणू शाळा कुणी उचलून नेणार आहे.

मी शिट्टीला हात घातला.
तेवढ्यात रांगेच्या शेवटून
कोवळा, चिरका आवाज आला,
"ए दाइगो! पावलं ऐकू येतायत का तुला?"

पलीकडे एक सायकल हळू झाली.
मी मोजू लागलो.